कंबरेच्या उंचीवरची वायर

तिला सगळे गायबताई म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं चांगलंसं नाव होतं तिला, पण ते आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. कुणाला भिंतीवर टीव्ही टांगायचा असो, कुणाच्या राऊटरची वायर दारावरून लोंबत असो, कुणाच्या टेबलाखाली चार्जरांचा गुंता होऊन बसलेला असो, फोन जायचा गायबताईला. खांद्याला पिशवी, हातात ड्रिल, केस डोक्यावर घट्ट बांधलेले, अशी ती यायची आणि दुपारपर्यंत भिंत अशी कोरी करून जायची की ह्या टीव्हीला वीज येते तरी कुठून, असा घरच्यांनाच प्रश्न पडावा. नवीन गिऱ्हाईक दार उघडलं की आधी तिच्या पाठीमागे बघायचं. मेकॅनिक कुठाय? "मीच आहे. सरका," म्हणून ती सरळ आत.

सुरुवात झाली एका टीव्हीच्या दुकानात. ही काउंटरवर बसायची आणि टीव्ही लावायला जाणारे दोघे गडी वायरी तशाच लोंबत्या सोडून यायचे. शिव्या कोण खाणार? ही! रोज कुणीतरी फोनवर हिच्यावर तोंडसुख घ्यायचं. एक दिवस डोकं फिरलं, उठली, पिशवी उचलली आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन स्वतःच वायरी झाकायच्या पट्ट्या ठोकून आली. पहिल्या दिवशी एक भोक वाकडं पडलं, ते पडलंच. पण परत काही ती काउंटरवर बसली नाही.

बसणं तिला कधी जमलंच नव्हतं म्हणा. पायाला भिंगरी, आणि नजर कायम भिंतींवर. कुणाकडे चहाला गेली तर कप हातात घेऊन टीव्हीच्या मागे डोकावणार. दवाखान्यात डॉक्टर हिचा रक्तदाब मोजतोय, आणि ही बाई त्याच्या टेबलाखालचा एक्स्टेंशन बोर्ड बघून चुकचुकतेय. रक्तदाब वाढेल नाहीतर काय होईल! नवऱ्याने हात टेकले होते. "अगं, कधीतरी माणसांकडेपण बघ," तो म्हणायचा. "माणसं काय, पळून चाललीत का कुठे?" हिचं उत्तर ठरलेलं, आणि तेही खाली वाकूनच.

आता एवढी ही गाजलेली बाई, आणि हिच्या सख्ख्या बापाच्या घरात वायरींचा जो तमाशा होता, तो कुणाला सांगायची सोय नव्हती. बाबा एकटे राहायचे, आई गेल्यापासून. शिंप्याच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, गाडीला कधी ओरखडा नाही, त्याचा भारी तोरा. हॉलमध्ये टीव्ही, त्याचा बॉक्स, पंखा, रेडिओ, मोठ्या मुलाने भेट दिलेला स्पीकर, आणि ह्या सगळ्यांच्या वायरी जमिनीवर अस्ताव्यस्त. आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे एक काळी वायर. पलंगापासून निघून, भिंतीला धरून, न्हाणीघर, स्वयंपाकघर असं करत थेट बाहेरच्या दारापर्यंत. तीसुद्धा कंबरेच्या उंचीवर! वायर वरून छताजवळून न्यावी, नाहीतर खालून जमिनीलगत. माणसाच्या कंबरेशी वायर नेलेली कुणी पाहिलीय? गायबताईला ती बघूनच अंगावर काटा यायचा.

"बाबा, मला एक दिवस द्या. एकच."

"माझ्या घरात ड्रिल चालवायचं नाही," बाबा म्हणायचे.

ती आठवड्यातून दोनदा डबा घेऊन यायची. डबा ओट्यावर, पिशवी जमिनीवर आणि ही टीव्हीच्या मागे गुडघ्यांवर. इथली वायर तिथे सरकव, तिथे प्लास्टिकचा टाय मार, तोंडाने चालू, की काय हो हे, कुणी बघितलं तर मला काय म्हणेल. एकदा न्हाणीघरात गेली तर आत मिट्ट काळोख. "बाबा! बल्ब गेलाय! अंधारात अंघोळ करता का?" "गेलाय होय?" बाबा म्हणाले. काय म्हणावं ह्या माणसाला! हिने खालून नवा बल्ब आणला, लावला, विसराळूपणाबद्दल त्यांना दहा शब्द सुनावले आणि पुढच्या कामाला पळाली.

मागच्या महिन्यात बाबा टीव्हीच्या वायरीत पाय अडकून पडले. गुडघा सुजला, बाकी निभावलं. हे दादाशी बोलताना तिच्या तोंडून निघून गेलं आणि दादाने फोनवरच तिची खरडपट्टी काढली. दादा म्हणजे थोरला भाऊ. दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर, आणि घरच्यांशीही ऑफिसातल्यासारखाच बोलणारा.

"अख्ख्या गावाच्या वायरी लपवत फिरतेस, आणि आपला बाप वायरीत अडकून पडतो? लाज नाही वाटत?"

खरंच होतं ते.

"रविवारी येतोय मी. घराची ही दशा असेल तर बाबांना घेऊन जाणार. खोली तयार आहे, बघायला माणूस ठेवलाय. मग तिथे तुझं काही चालणार नाही."

बाबा तिकडे गेले की वर्षातून एकदा भेट व्हायची मारामार. आणि दादाच्या त्या बाराव्या मजल्यावर बाबा करणार काय? ना खालचा शिंपी, ना कोपऱ्यावरचं चहाचं दुकान. तिने बाबांना सांगितलं.

"मी कुठेही जाणार नाही," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"मग मला घर आवरू द्या. दादाला बोट ठेवायला जागा उरणार नाही असं करून दाखवते."

"कर काय करायचं ते. पण ती काळी वायर राहू दे."

"का?"

"रेडिओची आहे."

रविवारी ती उजाडतानाच हजर. दादा जेवायच्या वेळेपर्यंत येणार होता. शिंपीकाका रोजच्यासारखे वर आले आणि बाबांना हात देऊन केस कापायला घेऊन निघाले. दोघे रोज असेच हातात हात घालून फिरायचे. जुनी मैत्री, म्हणून तिला त्याचं कौतुक वाटायचं. दारातून बाबा पुन्हा वळले. "काळ्या वायरला हात लावू नकोस हं."

"नाही हो! जा तुम्ही!"

आणि मग ती जी सुटली! आधी सगळे प्लग काढले, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली. टीव्ही खाली उतरवला, नवीन ब्रॅकेट ठोकला, भिंतीत पट्टी बसेल एवढी खाच पाडली. टीव्हीचं कपाट हातभर डावीकडे सरकवलं, म्हणजे बोर्ड त्याच्या पाठीमागे झाकला जाईल. बॉक्स, राऊटर, स्पीकर, सगळ्यांच्या वायरी एका वेणीत घेऊन कपाटाच्या पाठीला बांधल्या. पंख्याची वायर वरून फिरवली. घाम गळतोय, घड्याळाकडे लक्ष, कान खाली थांबणाऱ्या गाड्यांकडे. दोनदा खिडकीशी धावली. दोन्ही वेळा भलतंच कुणीतरी.

सगळं झालं आणि ती मागे सरकून बघायला लागली. सुंदर. जमीन मोकळी, भिंत कोरी. आणि त्या कोऱ्या भिंतीवर कंबरेशी ती काळी वायर, एखाद्याने मुद्दाम रेघोटी मारावी तशी. आता तर जास्तच डोळ्यात खुपायला लागली.

हात नाही लावायचा, नुसतं बघू, म्हणून ती वाकली. बघते तर वायरवर ठिकठिकाणी जोड, आणि जोडांवर चक्क दोरा गुंडाळलेला! इन्सुलेशन टेप नाही, शिवणाचा जाड दोरा! "अगं बाई! घर जाळतील एक दिवस!" ती मोठ्यांदा ओरडली. हा नक्कीच शिंपीकाकांचा उद्योग. टेस्टर लावून बघितला, पेटला नाही. मग एका टोकाने मागोवा घेत गेली. पलंगाच्या मागे टोक मोकळं. दुसरं टोक दारापाशी, तेही मोकळं. रेडिओ तर भलत्याच कोपऱ्यात, दुसऱ्याच बोर्डावर. ही वायर कुठून कुठेच जात नव्हती! तिने ब्लेडने एका जोडावरचा दोरा उसवला. खाली वायर अखंड. जोड नव्हताच मुळी.

इथे खरं तर थांबायला हवं होतं. कुठल्याही माणसाने थांबून स्वतःला विचारलं असतं, की ज्या वायरीत वीज नाही, जोड नाही, तिच्यावर एवढा निगुतीने दोरा गुंडाळलाय कशाला? पण विचार करायला एका जागी उभं राहावं लागतं, आणि ते हिला कुठून जमणार! बिनकामाची वायर दिसली की काढायची, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. दादा आला की त्याची नजर आधी ह्या वायरीवरच जाणार. बाबांना काय, सवय झालीय म्हणून बोलतात, समजावू नंतर. तिने सर्रकन सगळ्या क्लिपा उपटल्या. भोकं पुट्टीने बुजवली, घासली, वर रंगाचा हात फिरवला. एवढंसंसुद्धा कुठे दिसू दिलं नाही. वायरचं भेंडोळं पिशवीत टाकलं आणि जिन्यात पावलं वाजली.

दादाने बाबांना खालीच, शिंप्याच्या दुकानात गाठलं होतं. त्यांच्या दंडाला धरून तोच वर घेऊन आला. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तो जागीच थांबला.

"अरे वा!" दादा म्हणाला. "अरे वा वा! काय काम केलंयस तू!"

जन्मात पहिल्यांदा दादाच्या तोंडून हे शब्द. गायबताईला काय करावं कळेना. हात पुसावेत की हसावं की रडावं! दादा बाबांचा दंड सोडून फिरायला लागला. टीव्हीच्या मागे डोकावला, जमीन बघितली, भिंतीवरून हात फिरवला. "नाही, मान गए. हे असं असेल तर माझं काही म्हणणं नाही. राहू देत बाबांना इथे खुशाल."

तिचा जीव भांड्यात पडला. जिंकलो! तिने वळून बाबांकडे बघितलं.

बाबा अजून दारातच उभे होते. उजवा हात भिंतीवर. हात भिंतीवरून हळूहळू मागे गेला, पुढे आला, वर गेला, खाली आला. ताज्या रंगाचा डाग बोटांना लागला. त्यांनी हात काढला, परत ठेवला.

"बाबा, या ना आत," ती म्हणाली.

"आलो आलो." बाबांनी पाठ ताठ केली आणि चालायला लागले. दोन पावलं व्यवस्थित टाकली. तिसऱ्याला टीव्हीच्या कपाटाचा कोपरा सणसणीत गुडघ्यावर बसला, सुजलेल्या त्याच गुडघ्यावर. त्यांनी तोंडातून आवाज काढला नाही. कपाटाला वळसा घालायला गेले आणि खिडकी आणि कपाट ह्यांच्या मधल्या बेचक्यात शिरले. तिथे दांडीवर दादाचाच कोट होता, त्याने नुकताच काढून टांगलेला. बाबांच्या हाताला कोटाची बाही लागली. त्यांनी ती प्रेमाने थोपटली.

"उभा का रे? बस ना. लांबून आलायस," बाबा कोटाला म्हणाले.

दादा खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. भावंडांनी एकमेकांकडे बघितलं. खालच्या दुकानातली शिलाई मशीन स्पष्ट ऐकू येत होती.

"बाबा," दादा म्हणाला, "मी इथे आहे."

बाबा वळले. आवाजाच्या दिशेने, पण थोडे चुकून. चेहरा पडला होता. गायबताईच्या डोक्यात एकदम सगळं धडाधड जुळत गेलं. न्हाणीघरातला बल्ब. शिंपीकाकांचा हात. कंबरेची उंची. चालत्या माणसाचा हात जिथे पोचतो ती उंची! तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ब्लेडने बापाचा रस्ता उखडून पिशवीत भरला होता, आणि वर रंगाचा हात मारला होता.

"कधीपासून?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

"कमी होत होतं हळूहळू. मागच्या थंडीत उरलंसुरलं गेलं."

"डॉक्टर?"

"शिंपी घेऊन गेला होता. आता काही होण्यासारखं नाही म्हणाले."

"आणि मला सांगितलं नाहीत? आठवड्यातून दोनदा येते मी, बाबा!"

"येतेस की," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "पण तू आलीस की वाकलेली. तुझा आवाज कायम टीव्हीच्या मागून यायचा. कुणाला सांगणार?"

ती ओंजळीत तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली. चांगली चाळिशी उलटलेली बाई, पण रडताना काही भान राहिलं नाही. बाबा चाचपडत तिच्यापर्यंत आले, आधी त्यांच्या हाताला तिचा खांदा लागला, मग डोकं. दोऱ्याचं त्यांनीच सांगितलं. एक गाठ लागली की न्हाणीघर, दोन लागल्या की स्वयंपाकघर, तीन म्हणजे बाहेरचं दार. गाठी शिंप्याने घालून दिल्या. वायर मात्र हिचीच, कधीतरी इथे विसरून गेलेली.

"मी परत लावते. आत्ता लावते." ती पिशवीकडे धावली.

"काही लावायचं नाही!" दादा कडाडला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "डोळ्यांनी दिसत नाही आणि एकटे राहतायत! गॅस पेटवतायत! उद्या काय झालं असतं? बाबा, तुम्ही आजच माझ्याबरोबर येताय. विषय संपला." तो आतल्या खोलीत गेला. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा आवाज आला.

"दादा, थांब! चूक माझी आहे, त्यांची नाही! वायर होती तोवर ते सगळं करत होते!" ती दारात जाऊन ओरडली. "आजपर्यंत तुला तरी कळलं होतं का? मला कळलं होतं का?"

"तेच म्हणतोय मी! आपल्याला कळलं नाही!" दादा शर्टांचा गठ्ठा बॅगेत कोंबत होता. "तिथे चोवीस तास माणूस असेल. हात धरून नेईल, आणेल."

"जरा इकडे ये रे," बाहेरून बाबांची हाक आली.

दादा हातात स्वेटर घेऊन तसाच बाहेर आला. बाबा खुर्ची शोधून बसले होते.

"तुझं घर मी बघितलंय का?"

"नाही. नवीन घेतल्यापासून तुम्ही आलाच कुठे?"

"मग ते आता मला कधीच दिसणार नाही." बाबा जरा थांबले. "हे घर मी बघून ठेवलंय. खिडकी कुठे आहे, सकाळचं ऊन फरशीवर कुठपर्यंत येतं. तुझी आई भाजी निवडायला कुठे बसायची. तुम्ही दोघं कुठल्या कोपऱ्यात भांडायचात. हात भिंतीला लागला की सगळं समोर येतं. इथे मला दिसतं रे. तुझ्याकडे आलो की मी आंधळा होईन."

दादा स्वेटर हातात धरून उभा राहिला. त्याला भाषणं करायची सवय, दहा माणसांना गप्प करायची सवय. आज त्याला एक वाक्य जुळवता येईना. तो वळला आणि आत निघून गेला.

गायबताईने डोळे पुसून भेंडोळं बाहेर काढलं. "वायर मग लाव," बाबा म्हणाले. "आधी ते कपाट होतं तिथे सरकव. गुडघा फोडलास माझा." तिने कपाटाला खांदा लावला, पण कान आतल्या खोलीकडेच. आतून पुन्हा कपाटाच्या दारांचा आवाज आला, आणि तिचं धाबं दणाणलं. हा ऐकणार नाही, नेणारच. ती धावत आतल्या खोलीच्या दारात गेली.

दादा बॅगेतून कपडे बाहेर काढत होता. एकेक करून कपाटात ठेवत होता, घड्या पार विस्कटलेल्या. नाक ओढत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

बाहेर बाबा कान देऊन ऐकत होते. "स्वेटर वर ठेवलास का रे?"

"हो."

"खालच्या कप्प्यात ठेव, डावीकडे. वर ठेवलास तर मला सापडायचा नाही."

लहानपणापासून बापाचं एक अक्षर न ऐकलेल्या दादाने वरचा स्वेटर काढला. खाली वाकून डावीकडे ठेवला, हाताने नीट दाबून बसवला. मग शर्टांचा गठ्ठा दोन्ही हातांत घेऊन तो उघड्या कपाटासमोर तसाच उभा राहिला.

"आणि शर्ट?" त्याने विचारलं. "शर्ट कुठे ठेवू, बाबा?"